शालिकरामच्या मंडपातलं पनीर

थर्माकोलच्या पेटीचं झाकण उघडलं आणि ललिताबाईनं पदर नाकाला लावला. वीस वर्षं तिनं बालाघाटात आणि आजूबाजूच्या गावांत लग्नाचा, तेरवीचा, वाढदिवसाचा स्वयंपाक केला होता. कुजका कांदा, नासलेलं दूध, खवट तेल, सगळं तिच्या नाकाखालून गेलं होतं. पण हा वास वेगळा होता. आठ दिवस ओलं राहिलेलं पोछ्याचं फडकं आणि त्यात आंबलेलं ताक, असा काहीतरी.

बर्फ कधीचाच वितळला होता. पांढुरक्या गढूळ पाण्यात पनीरच्या लाद्या पडल्या होत्या. तिनं एक उचलली, तर ती साबणासारखी हातातून निसटली. बोटं फाकवून पाहिली, तर दोन बोटांच्या मधे शेंबडासारखी तार आली.

"थू!" तिच्यासोबत कामाला आलेली तिची भाची दीपिका मागं सरकली. "मावशी, हे तं मेलं हाय."

आज शालिकरामच्या पोरीची मंगनी होती. किरनापूरहून पंचवीस सोयरे येणार होते आणि मोहल्ल्यातली सव्वाशे माणसं. सकाळचे नऊ वाजले होते, पंगत एक वाजता. पनीर ललिताबाई नेहमी स्वतः पाहून, तुकडा तोडून, चाखून आणायची. यावेळी शालिकराम म्हणाला होता, "पनीरचं मी पाहतो, तुमी टेन्शन नका घेऊ." ते कुठल्याशा गाडीतून दोन दिवसांआधी आलं होतं आणि तेव्हापासून पेटी जिन्याखाली पडून होती.

ती काही बोलणार तेवढ्यात विमलाबाई, शालिकरामची आई, काठी टेकत आली आणि खुर्ची ओढून चुलीजवळ बसली. म्हातारी सत्तरीच्या पुढची, तोंडात वरचे दोनच दात. तिला आठ दिवसांपासून एकच ध्यास लागला होता.

"का वं बाई, आज पनीर हाय ना?"

"हौ, आजी."

"मले सुगर हाय. चालते का मले?"

"चालते. पन तळलेलं नाई. ताजा तुकडा गरम पान्यात बुचकळून खायचा."

"दात नाई ना मले."

"ताजं राह्यलं तं हिरडीनंही दबते."

"आन् हे पान्यात काहून ठेवतेत?"

"नाई तं वाळते, भेगा पडतेत. पन पानी रोज बदलावं लागते, आजी. आन् तरी तीन दिवस म्हंजे लई झाले."

हे सांगताना ललिताबाईची नजर पेटीकडे होती आणि तोंडात पाणी सुटत होतं, उलटीच्या आधी सुटतं तसं. म्हातारीला मोतीबिंदू आणि सर्दी, दोन्ही होतं. तिला ना नीट दिसत होतं, ना वास येत होता. "मंग एक तुकडा मले आधी दे," असं बजावून ती उन्हाला जाऊन बसली.

ललिताबाई शालिकरामला शोधत घरात गेली. तो शेरवानीची बटणं लावत होता.

"भाऊ, पनीर सडलं. फेकावं लागते."

"इतकं काय सडलं?"

"हात लावून पाहा एकदा."

त्यानं हात लावला नाही. फ्रिजचं दार उघडून दाखवलं. आत स्टीलच्या डब्यात, ओल्या मलमलीत गुंडाळलेलं, दुधासारखं पांढरंशुभ्र पनीर होतं. "सोयऱ्यायसाठी हे. सकाळीच डेअरीतून आनलं. त्याईची कढई अलग करा. ते पेटीतलं आपल्या मोहल्ल्याले. मिठाच्या पान्यानं धुवा, तळा खरपूस, मसाला वाढवा. कोनाले समजते?"

ललिताबाईला क्षणभर कळेना की घाण नक्की कुठून येतेय, जिन्याखालून की या अत्तर लावलेल्या माणसाच्या तोंडातून. मोहल्ल्यातल्या बाया तर बाहेर त्याच्याच अंगणात बसून कांदे चिरत होत्या. कोणी बोलावलं नव्हतं, शेजारधर्म म्हणून आल्या होत्या.

तिनं तिथंच नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हणाली नाही. असं का झालं ते तिला पुढंही सांगता आलं नाही. इतक्या वर्षांची सवय म्हणा, घरधन्यानं सांगितलं की मान हलवायची. ती बाहेर आली आणि दीपिकाला म्हणाली, "पानी ठेव गरम. मीठ टाक."

लाद्या धुतल्या. पाणी चिकट झालं, फेकलं, पुन्हा धुतल्या. कापताना सुरीला पिवळट साय लागायची. पहिला घाणा कढईत सोडला आणि वास गेला नाही, उलट तेलावर स्वार होऊन वर आला. ललिताबाईनं तोंड फिरवून कोरडी ओकारी काढली आणि पुन्हा झारा हातात घेतला. तुकडे मात्र छान सोनेरी झाले. तेच तिला सर्वांत किळसवाणं वाटलं. परातीत निथळत पडलेले ते तुकडे कोणीही आनंदानं खाल्ले असते.

आणि तसंच झालं. विमलाबाई केव्हा उठून आली कोणाला कळलं नाही. तिनं परातीतला एक तुकडा उचलला, फुंकर घातली आणि तोंडाकडे नेला.

"आजी!" ललिताबाई ओरडली. पण तिच्याआधी ओसरीवरून शालिकराम धावला. त्यानं आईच्या हातावर फटका मारला, तुकडा मातीत पडला.

"त्यातलं नको, माय! ते तुह्यासाठी नोहे!"

अंगणातल्या विळ्या थांबल्या. शेजारचा भैयालाल खुर्च्या लावत होता. तो हातातली खुर्ची तशीच धरून म्हणाला, "काहून नको जी? मंग ते कोनासाठी हाय?"

विमलाबाई आपला लाल झालेला हात चोळत होती. तिनं एकदा मुलाकडे, एकदा परातीकडे आणि मग कांदे चिरणाऱ्या बायांकडे पाहिलं.

"ललिता," म्हातारी म्हणाली, "तू सांग. का हाय त्याच्यात?"

"सडलं हाय, आजी. मोहल्ल्याले वाढाचं होतं."

"आन् तू तळून राह्यली?"

"हौ."

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. एक बाई उठली, हात धुतले आणि निघून गेली. मग दुसरी. भैयालालनं खुर्ची खाली ठेवली, घडी करून, अगदी सावकाश, आणि तोही गेला.

ललिताबाईनं परात उचलली, पेटी उचलली आणि घरामागं खड्डा करून सगळं पुरलं, वरून चुना टाकला. कढईतलं तेलही तिथंच ओतलं. परत येऊन शालिकरामला एवढंच म्हणाली, "बारा किलो बेसन आना. आत्ता."

त्यानं मुकाट्यानं आणलं. दोघींनी बेसन शिजवून परातींवर थापलं, खोबरं-कोथिंबीर पेरली, शंकरपाळ्यासारख्या पाटोड्या कापल्या आणि झणझणीत रस्सा केला. फ्रिजमधलं पनीर विमलाबाईनं स्वतः काढून आणलं. "हे चुरून सगळ्यायच्या पुलावात टाक," ती म्हणाली. "कढई एकच राहील." ललिताबाईनं तिला त्यातला एक ताजा तुकडा देऊ केला, तर तिनं मान फिरवली. "माही भूक मेली, बाई."

सोयऱ्यांनी पाटोडी-रस्सा दोनदा मागून घेतला. मंगनी झाली, पेढे वाटले. मोहल्ल्याच्या पंगतीत मात्र सव्वाशेच्या जागी तीसेक माणसं बसली, तीही पाटोडी मोडून, हुंगून खात होती. शालिकराम हात जोडून पंगतीतून फिरत होता आणि कोणी मान वर करत नव्हतं.

घरी जाऊन ललिताबाईनं दोनदा आंघोळ केली. लिंबू चोळलं, राख चोळली. चार दिवस तिला बोटांना तोच वास यायचा आणि भाताचा घास तोंडाजवळ नेला की ती तो परत ताटात ठेवायची. आठवड्यानं शालिकरामचा फोन आला. लग्नाचाही स्वयंपाक तिनंच करावा, पनीर तिनंच पाहून आणावं. तिनं नाही सांगितलं. त्याच्याबद्दल तिला फार काही वाटत नव्हतं. नाल्याला वास येतो, त्यात नवल काय? पण डोळे मिटले की तिला झारा दिसायचा आणि झाऱ्यावर आपलाच हात, तुकडे उलटे करणारा, एकही करपू न देणारा.

एकदा भांडी घासता घासता दीपिकानं विचारलं, "मावशी, आजीनं तो तुकडा उचलला नसता, तं आपन वाढलं असतं का वं?"

ललिताबाई कढई घासत राहिली. मग म्हणाली, "हौ. वाढलं असतं."