माळावरची हिरवी शेजारीण

मित्रांनो, मी मारवेल गवताचा एक जुना ठोंब आहे. मानपाड्याला कारखान्यांच्या भिंती संपतात, तिथे नाथाशेटचा माळ आहे. तेच माझं घर. हौसाबाईंच्या शेळ्या माझ्यावरच वाढल्या. "मारवेल खाल्लं की दूध कसं दाट येतं!" असं त्या म्हणाल्या, की माझी पाती ताठ व्हायची. पिवळ्या फुलांचा कवळा आणि निळी आभाळी माझ्या अंगाला अंग लावून नांदत.

मग कुणीतरी टाकलेल्या भरावाच्या मातीतून एक परकं गवत आलं आणि माझ्या शेजारी रुजलं.

उन्हाळ्यात मी वाळलो, शेजारीण हिरवीच. शेळ्यांनी मला बुडख्यापर्यंत कुरतडलं. तिला नुसतं हुंगून पुढे गेल्या. किडेसुद्धा तिच्या वाटेला जात नसत. ऊन तेच, माती तीच, मग हिचेच लाड कोण करतं? मी हेव्याने जळत होतो. आम्ही खाल्ले जायचो आणि ती आमच्या जागेत पाय पसरायची. आधी आभाळी गेली, मग कवळा.

नाथाशेट तिच्यावर खूश. एकदा पुतणीला म्हणाले, "बघ गो कृतिका, मे महिन्यात पन कशी हिरवीगार! पावसाआधी सगल्या मालावर हिचंच ठोंब लावतो. बाकीचं टाकतो उपटून."

बाकीचं म्हणजे मी!

कृतिका कल्याणला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. ती शेजारणीच्या चार काड्या तपासायला घेऊन गेली.

इकडे माझ्यात खाण्यासारखं काही उरलं नव्हतं. हौसाबाईंच्या एका गाभण शेळीने भुकेपोटी शेजारणीला तोंड लावलं. थोड्याच वेळात तिचे पाय लटपटले आणि ती कोसळली. हाक ऐकून नाथाशेट आले, तेव्हा हौसाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "नाथाशेट, काय झालं ओ हिला?"

पाठोपाठ कृतिका धावत आली. "काका, या गवताच्या आत बुरशी राहते. मी मायक्रोस्कोपखाली बघितली. गवत तिला पोसतं, ती गवताला राखते. तिच्यामुळे गवतात विष तयार होतं. जनावरं मग दुसरं गवत संपवतात आणि हिला रान मोकळं. सगळीकडे हीच लावलीत तर शेळ्या खाणार काय?"

म्हणजे हिच्या पोटातच राखणदार होता! मला का नाही कुणी दिला?

नाथाशेटनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "ऱ्हाऊ दे. नाय लावत."

शेळी सावरली, पण तिचं पिल्लू गेलं. नाथाशेटनी शेजारणीला खणून काढलं, फक्त ओढ्याच्या उतारावर माती धरायला थोडी ठेवली. माझ्याभोवती त्यांनी पावसाळाभर काट्यांचं कुंपण घातलं.

पाऊस सरता सरता मला तुरे आले. कवळाही उगवला. उतारावर कृतिका वाकून दाखवत होती, "हौसामावशी, हिला तुरा येतच नाही. तुऱ्याच्या जागी बुरशीची काळी गाठ आहे, बघा."

"मग बी?"

"बीच नाही. मुळांवरच पसरते."

तेवढ्यात वारा सुटला. माझं बी तिच्या डोक्यावरून उडत गेलं. तिच्याकडे वाऱ्यावर सोडायला काहीच नव्हतं. तरी खरं सांगू? उन्हाळा आला, मी वाळलो, ती हिरवी राहिली, आणि मला पुन्हा हेवा वाटला.

मित्रांनो, माळ हिरवा दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका. खाली वाकून बघा. सगळीकडे एकच गवत असेल, तर बाकीचे कुठे गेले ते विचारा. आणि आम्हाला एक पावसाळा कुणी तुडवू नका, आमच्यावर जनावरं चारू नका. तेवढ्यात आम्ही परत येतो.