मधली वाटी

"सत्तारचाचा, घाई नाही. चूळ भरा आणि पुन्हा चाखा," संघमित्रा मॅडम म्हणाल्या.

चाचांनी तिन्ही वाट्या तिसऱ्यांदा चाखल्या होत्या. वाट्यांत कुस्करलेली केळी होती आणि त्यांतलं एक केळं मॅडमचं होतं. केळीच्या जनुकांत फेरफार करून त्यांनी चार वर्षांत ते जास्त गोड वाण तयार केलं होतं. साखर किती वाढली ते यंत्र सांगायचं, पण ती माणसाच्या जिभेला जाणवते का, हे कुणी सांगायचं? म्हणून नशिराबादजवळच्या या प्रयोगशाळेनं चाचांना बोलावलं होतं. जळगावच्या वखारीत पस्तीस वर्षं केळी पिकवलेला माणूस. त्याच्या शब्दावर व्यापारी डोळे झाकून माल उचलायचे.

पण दिवाळीनंतरच्या तापात चाचांची चव गेली ती गेलीच. खिमा काय नि खिचडी काय, तोंडात सगळं सारखंच. म्हातारपणी हातचं काम जाईल म्हणून त्यांनी घरीसुद्धा तोंड उघडलं नाही. मागच्या दोन खेपांना केळी सालीसकट समोर आली होती. सालीवरचे ठिपके पाहिले, अंगठ्यानं दाबलं आणि गुण ठोकून दिले. आज अंगठ्याला कामच नव्हतं.

तिन्हींपैकी एका वाटीवर बोट ठेवून टाकावं, असं क्षणभर मनात आलं. समोर मॅडम पेन उघडून बसल्या होत्या. चाचांना स्वतःची लाज वाटली.

"मॅडम, मले काहीच कयत नही."

"या वाटीतलं?"

"कशातलंच नही. दिवाईपासून जीभ मेली माही. मांगचे दोन खेपेचे गुणबी म्या साल पाहून सांगितले व्हते. खोटे हायेत ते."

मॅडमनी वहीची मागची दोन पानं उघडली. दोन्हींवर तांबडी रेघ मारली. दोन महिन्यांचं काम गेलं. त्या ओरडल्या असत्या तर चाचांना बरं वाटलं असतं.

"दुसरं माणूस बघावं लागेल, चाचा."

"पाहा. चांगलं पाहा."

ते उठले, टोपी सारखी केली आणि दाराशी थांबले.

"गोड कोनतं व्हतं?"

मॅडमनी मधल्या वाटीकडे बोट केलं. चाचा परत येऊन बसले. डोळे मिटून, चमच्याचमच्यानं त्यांनी ती वाटी तळापर्यंत संपवली.

"कसं लागतंय?" मॅडमनी विचारलं. वही मिटलेली होती.

"थंड लागते, बेटी," चाचा म्हणाले.