कोरडं कापायचं नसतं

मिस्त्रींची लघवीची धार मध्येच तुटायची. आडवं झालं की पुन्हा सुरू व्हायची. खडा बाटलीच्या बुचासारखा मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन बसतो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. अक्रोडाएवढा आहे, लेझरने आतल्या आत फोडायचा.

'फोडायचा' हा शब्द मिस्त्रींच्या डोक्यात घर करून बसला. तीस वर्षं ते फरशा कापत होते. एकदा कटरची पाण्याची नळी निसटली आणि तापलेल्या दगडाची कपची उडून जोडीदाराच्या डोळ्यात गेली. आता तसल्या कपच्या स्वतःच्या पोटात उडणार.

"जन्मभर दगडांना घाव घातलेत," बायको म्हणाली, "आता थोडे तुम्ही सोसा."

"तुला थट्टा सुचतेय."

"मग काय रडू? परवा चार तास तुंबलं, तेव्हा 'काय वाट्टेल ते करा' म्हणून कोण ओरडत होतं?"

ऑपरेशनच्या टेबलावर कमरेत इंजेक्शन दिलं. पाय जणू दुसऱ्या कुणाचे झाले, डोळे मात्र टक्क उघडे. आत घातलेल्या दुर्बिणीतून समोरच्या पडद्यावर खडा दिसला, पिवळट, खरखरीत.

"मॅडम, पाणी सोडता ना? कोरडं कापायचं नसतं."

"सतत सोडतो. वर पिशवी टांगलीय बघा. आता गप्प पडा."

लेझरची टकटक सुरू झाली. खड्यातून धुरळा निघे आणि पाण्याबरोबर वाहून जाई. मिस्त्री पिशवीकडेच बघत राहिले. ती चपटी होत गेली. सिस्टर कपाटाकडे वळलेली. पडद्यावर धुरळा दाटला, काहीच दिसेना.

"पाणी!" ते साइटवर ओरडत तसे ओरडले.

टकटक थांबली. बाईंनी लेझरच्या पेडलवरचा पाय आधीच उचलला होता. "सिस्टर, पिशवी. मिस्त्री, तुम्हाला इथेच कामाला ठेवू का?"

सगळे हसले. मिस्त्री सोडून. नवी पिशवी लागली, पडदा निवळला. "चालू द्या," ते म्हणाले.

दोन दिवसांनी लघवीची नळी काढली. संडासात ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. बायको दाराबाहेर.

"येतेय का?"

"बोलू नकोस."

धार कधी तुटते याची ते श्वास रोखून वाट बघत होते. ती तुटली नाही.