कमलबाईंच्या परसातले बेडूक

वालूरच्या किशनराव पटवाऱ्यांच्या परसात भेंडीच्या पानांची पार चाळणी झाली होती. वालाच्या वेलावर अळ्याच अळ्या. संध्याकाळी डासांमुळे ओट्यावर बसणे मुश्कील. हे दुखणे आपल्यापैकी कोणाच्या घरी नाही? निजामी जाऊन नवे सरकार आले, त्याबरोबर बाजारात किडीवरची पांढरी पावडरही आली. जो तो तीच उधळू लागला!

किशनरावांनी ती तीनदा टाकली होती. अळ्या चार दिवस जात, पुन्हा येत. ते चौथी पुडी सोडत होते, तेवढ्यात शेळीचे दूध घेऊन म्हाळसाबाई आल्या. मेंढरांमागे जन्म काढलेल्या या म्हाताऱ्या धनगरीण बाई किशनरावांच्या पत्नीच्या, कमलबाईंच्या, जिवाभावाच्या.

"दादा, पुन्हा इख टाकायलाव?"

"मग काय करू मावशी? किडीनं सगळं खाल्लं."

"किडीला खानारे होते की इथं. त्यायला कुठं घालवलं?"

पुडी सोडणारा किशनरावांचा हात थांबला. कमलबाईंनी न्हाणीमागे मातीची मोठी पसरट परळ जमिनीत पुरली होती. रोज विहिरीचे पाणी त्या तिच्यात भरत. त्यांना मूलबाळ नव्हते. सांजेला बेडूक बोलू लागले की हसून म्हणत, "आली बघा माझी लेकरं." दोन वर्षांपूर्वी त्या तापाने गेल्या. बेडूक मात्र रोज वेळेवर बोलत राहिले. तो आवाज आला की किशनरावांची नजर न्हाणीकडे वळे, आणि तिथे कोणी नसे. शेवटी त्यांनी ती जागा मुरमाने बुजवली. उरलेसुरले बेडूक पावडरीने संपले.

"लोकांना सांगितलं, बेडकांमागं साप येतो म्हणून," ते हळूच म्हणाले. "खरं म्हणजे मला तो आवाज सहन होईना."

"आन् आता समदं गप हाय. आता करमतंय का?"

किशनराव न्हाणीमागच्या मुरमाकडे पाहू लागले.

"तुमचं दुःख लय मोठं, दादा. पण मुक्या जिवायचा काय कसूर? पावडर किडं मारती, किड्याला खानारा बी मारती. मंग किडीचंच राज! कमळीनं ज्यायला जीव लावला, त्यायलाच तुमी इख घातलं!"

किती खरे होते ते! किशनरावांनी पुडी बांधली ती कायमची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कुदळ घेतली आणि मुरूम उपसून तिथे पुन्हा पाण्याची जागा केली. म्हाळसाबाई शेजारी बसून सांगत होत्या, "एक कड उतरती ठिवा, पिलायला वर येता यावं. दगडायमधी फटी ठिवा, सावली लागती. पालापाचोळा झाडू नका."

आषाढ सरला. किशनराव रोज पाण्याशी बसत. कोणी येईना.

"कधी येतील, मावशी?"

"बोलावून येत न्हाईत. जागा करायची आन् वाट बघायची."

श्रावणातल्या एका सांजेला दगडाखालून जाडसर आवाज आला. एकच. किशनराव हललेसुद्धा नाहीत; हललो तर तो थांबेल! डोळे मात्र वाहत राहिले. "कमल, आलं गं," एवढेच ते पुटपुटले.

त्या वर्षी तीनच बेडूक आले. अर्धा वेल किडीने नेलाच. पण पुढल्या वर्षी पाने धड राहिली, डासही कमी झाले. चावडीवर किशनरावांनी चारचौघांत आपली चूक सांगितली, आणि शेजारच्या आश्रुबांनीही परसात खड्डा घेतला.

बंधुभगिनींनो, गेलेल्या माणसाची ओढ मिटत नाही, मिटवूही नये. पण आपल्या दुःखाची सजा मुक्या जिवांना देऊ नका. परसाच्या कोपऱ्यात हातभर पाणी आणि थोडी सावली राखा. विषाने जे साधत नाही, ते मायेने साधते!