सूर्यासमोरून गेलेले यान मी एकटीने पाहिले

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. अंगाला पोचे आलेत, पण भिंग अजून ठणठणीत आहे हो! तुमच्यापासून खूप दूर, गुटू नावाच्या ठिकाणाजवळच्या एका गावात, चकानेत्सा मास्तरांच्या घरी, मक्याच्या रिकाम्या पोत्याखाली मी पडून असते.

मास्तरांनी मला शाळेसाठी आणले. वीस वर्षे पोरे माझ्यातून चंद्र बघायला रांगेत भांडली. काय कौतुक होते माझे! मग शाळेत संगणक आले आणि माझी अडगळ झाली. निवृत्त होताना मास्तरांनी मला घरी आणले.

पुढे त्यांना काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात नजर जाईल. मास्तरांची एकच इच्छा उरली: पृथ्वीभोवती फिरणारे अंतराळयान सूर्यासमोरून जाताना त्याचा फोटो काढायचा. त्यांनी वहीत स्वतः आकडेमोड केली. त्यांच्या अंगणातून ते दिसणार होते सकाळी नऊ सत्तेचाळीसला, अर्धा सेकंद. पुन्हा योग तीन वर्षांनी.

त्या सकाळी त्यांनी माझ्या तोंडावर सूर्याचा प्रखर उजेड गाळणारा काळा पडदा बांधला, मागे कॅमेरा जोडला आणि त्याच्या वायरचे बटण हातात धरले. एक मिनिट उरले, आणि शेजारच्या मुचानेता आजी येऊन जमिनीवर टेकल्या. त्यांची मुले परदेशी. दिवसदिवस कोणाशी बोलणे नाही.

"मास्तर, बरा उठलास का?"

आमच्याकडे वडीलधाऱ्यांना टाळ्या वाजवून मान द्यायची रीत; नुसत्या तोंडाने उत्तर कसे द्यायचे? मास्तरांनी बटण खाली ठेवले, उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी हळू टाळ्या वाजवत म्हणाले, "तुम्ही बऱ्या उठला असाल, तर मीही बरा उठलो, आजी."

"मी कसली बरी! गुडघे दुखतायत. त्यात शेळी पळाली मेली."

"अरेरे! सापडली का?"

अहो, बटण! मी मनात ओरडले. तेवढ्यात मुंगीएवढे, पंख पसरलेले यान सूर्यावरून सर्रकन गेले.

"सूर्याकडे काय बघत बसतोस रे? तो काय पळून जातोय?"

मास्तरांनी घड्याळ पाहिले. "नाही आजी, तो कुठे जातोय," म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.

फार राग आला मला. नंतर फोटोचे कळल्यावर आजी रडल्या, तेव्हा मास्तर म्हणाले, "तुमच्यामुळे नाही हो. माझं गणितच चुकलं असणार." तेच सांगता सांगता त्यांना ते खरे वाटू लागले. आता त्यांना दिसत नाही. आजी रोज येतात, दोघांच्या टाळ्या मला पोत्याखाली ऐकू येतात. मला कोणी हाक मारत नाही.

मित्रांनो, जुन्या दुर्बिणीला कधी पुसा, तिला डोळा लावा. आणि इकडे आलात तर मास्तरांना एवढे सांगा: यान अगदी वेळेवर आले होते. तुमचे गणित बरोबर होते.