सांगितली पेट्रोल, आणली डिझेल

गाडी पेट्रोलचीच घ्यायची, हे समाधाननं घरात एकदा नाही, दहादा बजावलं होतं. बापाला, म्हणजे अप्पांना. आईला, म्हणजे केसरबाईला. आणि धाकट्या भावाला, बुद्धघोषला तर दंडाला धरून. कारण एकच, त्याची नऊ वर्षांची पिंकी. पोरीला दमा होता. मागल्या दिवाळीत इंदापूरहून बारामतीला वडापच्या, म्हणजे भाड्यानं माणसं भरून नेणाऱ्या जीपमध्ये मागं कोंबून नेली, तर काटेवाडी यायच्या आत डिझेलच्या धुरानं तिचे ओठ निळे पडले. रस्त्याकडेला उसाच्या बांधावर तिला आडवी घातली, तेव्हा समाधानच्या काळजाचं पार पाणी पाणी झालं होतं. तेव्हापासून कुणी डिझेल म्हटलं तरी त्याचं माथं भडकायचं.

शहाण्णव साल ते. समाधान लोणी देवकरच्या एका कंपनीत कामाला होता. बारामतीत एका एजंटाकडं जुनी पांढरी मारुती होती, पेट्रोलची. ती त्यानं बघून, पसंत करून ठेवली होती. आता फक्त घरी आणायची. त्या गुरुवारी त्याला रजा मिळेना, म्हणून अप्पा आणि बुद्धघोष गेले. एवढं साधं काम, पण ह्या दोघांना साधं काम कधी जमलंय?

पहिली शिफ्ट संपवून तो दुपारी वस्तीवर आला, तर दारात हिरवी जीप उभी. बॉनेटवर निळा झेंडा लावलेला. हात जोडून सगळ्यांचं त्रिशरण म्हणून झालेलं, आणि केसरबाई पांढरं पातळ नेसून आल्यागेल्याच्या हातावर पेढा ठेवत होती. पिंकी पुढच्या सीटवर बसून हॉर्न बडवत होती. पोर इतकी खूश त्यानं वर्षात बघितली नव्हती. पण ते दिसायला माणसाचं डोकं ठिकाणावर पाहिजे ना!

"ही कुणाची?" त्यानं विचारलं.

"आपलीच की दादा," बुद्धघोष हसत म्हणाला. "डिझेल हाय. अप्पाच्या इंजनासाठी डिझेलचा बॅरल घरात हायच. तू कामावर गेलास की मी इंदापूर-बारामती वडाप मारीन. मारुती काय दारात शोभेला ठेवायची?"

"आन् पिंकी?"

"तिला पुढं बसवू. पुढं कुठला आलाय धूर?"

अप्पा ओट्यावरून म्हणाले, "मीच म्हनलो, हीच घे. तुज्या त्या मारुतीचा आवाज ऐकला मी. शिलाई मशीन परवडलं."

आता ह्या म्हाताऱ्याला काय म्हणावं? तीस वर्षं विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून चालू केलेला माणूस. जे दणदणत नाही ते त्यांच्या लेखी इंजिनच नव्हे. कानानं गाडी पारखली आणि नातीची छाती विसरले.

समाधानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं पिंकीला दंडाला धरून जीपमधून ओढून काढली. पोरगी कळवळली. तिला रश्मीकडं, आपल्या बायकोकडं ढकलून त्यानं बुद्धघोषच्या कानाखाली अशी लगावली, की त्याच्या तोंडातला पेढा मातीत पडला.

"माज्या पोरीच्या जिवावर वडाप मारतोस व्हय रं?"

"पैलवानकी दाखवू नको, दादा! गाडीत माजं बी पैसं हायती!" बुद्धघोषनं त्याची कॉलर धरली, गुडघा पोटात घातला. समाधान वाकला, आणि वाकल्या जागीच त्याला भिंतीला टेकलेली पहार दिसली.

पहिला घाव समोरच्या काचेवर बसला. काच फुटून सगळ्या सीटवर पसरली. दुसऱ्या घावात एक दिवा गेला, तिसऱ्यात दुसरा. मग त्यानं बॉनेट उचकटलं आणि बॅटरीवर पहार घातली. बॅटरी दुभंगली, आतलं पाणी मातीवर चरचरलं. अप्पा आडवे आले, तर त्यांना त्यानं कोपरानं असं ढकललं की म्हातारा ओट्याच्या पायरीवर तोंडघशी पडला. ओठ फाटला. केसरबाई ऊर बडवायला लागली.

"बास की आता, दादा!" बुद्धघोषनं पहारीला हात घातला.

समाधाननं पहार हिसडून फिरवली. कट्कन आवाज झाला, रक्त उडालं. बुद्धघोषचा डावा हात मनगटापासून लोंबायला लागला, आणि तो गुरासारखा ओरडला. खरं सांगायचं तर त्या क्षणाला समाधानला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

"अवो!" रश्मी किंचाळली. "अवो, हिकडं बगा! पिंकीला बगा!"

पिंकी भिंतीला पाठ लावून उभी होती. खांदे वरखाली होत होते, गळ्याशी खड्डा पडत होता आणि छातीतून शिट्टी वाजत होती. रश्मीनं तोंडात औषधाचा पंप दोनदा मारला, तिसऱ्यांदा मारला. काही उतार पडेना. ओठ निळे व्हायला लागले.

शेजारची धोंडाबाई ट्रॅक्टर बघायला धावली. तो ऊस घेऊन कारखान्याला गेलेला. एसटीला अजून तास होता. समाधानच्या हातातली पहार गळून पडली. दारात गाडी होती, आणि ती त्यानंच फोडली होती.

अप्पा तोंड पुसत उठले. "ढकला," ते म्हणाले. "इंजान अजून गरम हाय. डिझेलला ठिणगी लागत न्हाय, बॅटरी न्हाय तरी धक्क्यावर चालू हुतंय. तुजी पेट्रोलची असती तर मेली असती जाग्यावर. ढकल, मुडद्या!"

अप्पांनी बॉनेट दाबून बसवलं, बुद्धघोष दात आवळून स्टेअरिंगवर बसला. रश्मी पोरीला घेऊन काचांवरच बसली. समाधान, अप्पा आणि केसरबाईनं मागून जोर लावला. उताराला जीपनं दोन आचके दिले, काळा धूर ओकला आणि धडधडली. समाधान पळत जाऊन आत चढला.

त्याला गाडी येत नव्हती, आणि बुद्धघोषचा गिअरचा हात मोडलेला. मग बुद्धघोष क्लच दाबून ओरडायचा, "मागं वढ! आता पुढं रेट!" आणि समाधान दोन्ही हातांनी दांडा रेटायचा. हॉर्न मेला होता. फुटक्या काचेतून डोकं काढून समाधान हायवेवर बोंबलत होता, "सरका! आरं सरका!" एकदा त्याचा कोपर भावाच्या मोडक्या हाताला लागला. बुद्धघोषच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं वेग कमी केला नाही.

इंदापूरच्या दवाखान्यात इंजेक्शन झालं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला. तासाभरानं पोरीचे ओठ पुन्हा लाल झाले. समाधान खाटेच्या पायथ्याशी उभा होता, शर्टावर भावाचं रक्त घेऊन.

डॉक्टरांनी विचारलं, "एवढा जोरात ॲटॅक कशानं आला? काही खाल्लं? धूळ, धूर?"

"धूर," समाधान घाईनं म्हणाला. "डिझेलचा धूर लागला, डॉक्टर. मी सांगत हुतो ह्यांना."

पिंकीनं मान हलवली. मास्क बाजूला केला.

"धुरानं न्हाय," ती म्हणाली. "मी हॉर्न वाजवत हुते तवा मला कायसुदिक झालं नव्हतं. पप्पा काकाला मारायला लागलं, तवा श्वासच येईना."

डॉक्टरांनी समाधानच्या शर्टाकडं बघितलं आणि ते बुद्धघोषला हाताचा एक्स-रे काढायला घेऊन गेले. समाधानला हुंदका आवरेना. त्यानं लेकीच्या हातावर हात ठेवायला हात पुढं केला.

पिंकीनं हात चादरीखाली घेतला.