शून्य गुणांचं हॉटेल

इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनसाठी हायवेला जागा शोधणं हे माझं काम. विजेची लाईन किती लांब, गाडी वळायला जागा किती, गाडी चार्ज होईपर्यंत माणसांनी पाऊण तास करायचं काय, या सगळ्याला गुण असतात. ते मी देतो, त्यामुळे मला थोडी मस्तीही आहे.

मिरजगावजवळ बाबाजान आणि शकिलाबी या नवराबायकोचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे, राहतं घर मागेच. रस्ता मोठा झाल्यापासून गाड्या न थांबता सुसाट जायला लागल्या होत्या. स्टेशन आलं तर हॉटेल चालेल, नाहीतर बंद करून लेकीकडे श्रीरामपूरला जाऊ, असं बाबाजान स्पष्टच बोलले. जागा झकास होती. टॉयलेट आहे का, एवढंच राहिलं होतं. तीनदा गेलो, तीनदा विचारलं, तीनदा ते "न्हाई" म्हणाले. माझं डोकंच फिरलं. हायवेवर धंदा करायचा आणि एवढी साधी सोय नाही! शून्य गुण दिले आणि अहवालात पुढच्या पेट्रोल पंपाचं नाव लिहिलं.

अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी लाईन तपासायला माझी सहकारी दिशा सोबत आली. तिचा चहा संपतो न संपतो तोच शकिलाबी तिला घरातून मागे घेऊन गेल्या. दिशा परत आली ती खुशीतच. मागे लख्ख फरशीचं टॉयलेट होतं. पाणी, साबण, आतून कडी, बाळाला पाजायला बसायला बाकडंसुद्धा. या रस्त्याने नेहमी जाणाऱ्या बायकांना ते वर्षानुवर्षं माहीत होतं.

मी बाबाजानवर चिडलो. मला 'नाही' असं का सांगितलंत?

"तुमी एकलेच आल्ता," ते शांतपणे म्हणाले. "बायांची जागा हाय ती. गड्याला कशाला दावायची?"

मी खजील झालो, पण फॉर्मवर अट होती, टॉयलेट सर्वांना खुलं हवं. मी शकिलाबींना म्हटलं, रस्त्यावर पाटी लावा, पुरुषांनाही जाऊ द्या, स्टेशन तुमचं.

हॉटेल जाणार हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं.

"न्हाई साहेब. गडी यायला लागलं, की बाया यायच्या बंद हुतील. तुमचं मशीन पंपावरच लावा."

मला त्या दोघांचं फार वाईट वाटलं.

परत येताना दिशाने पंपावर गाडी थांबवायला लावली. तिथल्या टॉयलेटला मी दहापैकी दहा दिले होते. ती दारातूनच मागे फिरली. कडी नव्हती, आणि दारासमोर ट्रकवाले गप्पा मारत उभे होते.

त्याच संध्याकाळी मी अहवाल बदलला. पुरुषांसाठी वेगळं टॉयलेट कंपनीने रस्त्याच्या बाजूला बांधावं, शकिलाबींचं आहे तसंच राहू द्यावं, असं लिहिलं. वरच्यांनी कुरकुर करत का होईना, मान्य केलं.

मिरजगावचं काम सुरू झालंय. पण त्याआधी मी एकतीस जागा पास केल्या आहेत, आणि त्यातल्या एकाही ठिकाणी मी कुठल्या बाईला काही विचारलं नव्हतं.